स्क्रीन काळी पडते तेव्हा

मागच्या अंकासाठी माझा लेख दहा दिवस उशिरा पोचला. संपादक मंडळाला मी "लॅपटॉप बिघडला" एवढंच कळवलं होतं. ते अर्धंच खरं होतं. लॅपटॉप ठणठणीत होता, फक्त त्याची स्क्रीन काळी पडली होती, आणि ती का पडली हे शोधण्यात माझी उन्हाळ्याची निम्मी सुट्टी गेली. हे सगळं वाङ्मय मंडळाच्या अंकात लिहावं की नाही, यावर थोडा विचार केला. मग वाटलं, लिहावंच. एक तर आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे असेच दादा-ताईंकडून आलेले जुने लॅपटॉप आहेत. आणि दुसरं म्हणजे हा प्रकार आपण वर्गात शिकतो त्या पाठचिकित्सेच्या इतका जवळचा निघाला की मलाच नवल वाटलं.

माझं घर भोपाळला, बाग सेवनियात. आजोबा वसईहून भेलच्या कारखान्यात नोकरीला आले आणि तिकडचेच झाले. त्यामुळे घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी असा माझा कारभार. लॅपटॉप आतेभावाचा, २०१२ च्या सुमाराचा, चार जीबी रॅमचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती या लॅपटॉपमध्ये नाही. म्हणजे एकतर भंगारवाला, नाहीतर लिनक्स. मी लिनक्स टाकलं आणि वर्षभर त्यावर निवांत लिहीत होते.

मेमधल्या एका दुपारी अपडेट आला, लॅपटॉप रीस्टार्ट झाला, लोगो दिसला आणि मग काळोख. पंखा फिरतोय, पण स्क्रीनवर काहीच नाही. पप्पा म्हणाले, "गेला." मीही तसंच धरून चालले होते. पण कॅप्स लॉकचं बटण दाबलं तर त्याचा छोटा दिवा लागत-विझत होता. हे लहानसं लक्षण फार उपयोगाचं असतं. दिवा बटणाला दाद देतोय म्हणजे आतलं कर्नल जिवंत आहे, फक्त त्याला चित्र दाखवता येत नाहीये. (कर्नल म्हणजे इथे लष्करातले नव्हेत. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, जो हार्डवेअरशी थेट बोलतो, त्याला कर्नल म्हणतात.)

लिनक्समध्ये नवं कर्नल आलं तरी आधीचं बहुधा जपून ठेवलेलं असतं. सुरू होताना मेनू उघडला, जुनं कर्नल निवडलं आणि स्क्रीन लख्ख. पुन्हा नवं निवडलं, पुन्हा काळोख. मग नव्यालाच सुरू होताना 'नोमोडसेट' हा शब्द जोडून दिला. त्याचा अर्थ, तुझा ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेव आणि साध्यासुध्या पद्धतीने चित्र दाखव. चित्र आलं, फाटकं-ताणलेलं, पण आलं. आता संशयित एकच उरला होता, नव्या कर्नलमधला ग्राफिक्स ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय? मला सुचलेला सगळ्यात जवळचा शब्द दुभाषा. मी हे वाक्य टाइप करतेय तेव्हा एडिटर म्हणतो, "इथे 'क' काढा." ग्राफिक्स चिपला 'क' कळत नाही. तिला कळतात ते तिच्या स्वतःच्या रजिस्टरमधले आकडे: अमुक पत्त्यावर अमुक संख्या लिही, मग मी तमुक करीन. प्रत्येक कंपनीच्या चिपची बोली वेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांच्या बोलीतही फरक. लिनक्समध्ये हे दुभाषाचं काम दोघांत वाटलेलं आहे. एक भाग कर्नलच्या आत राहतो. त्याला डीआरएम म्हणतात. चिपची मेमरी कुणाला किती द्यायची, पडद्याचं रेझोल्यूशन काय ठेवायचं, कुणाचं काम आधी, हे तो बघतो. रेझोल्यूशन ठरवण्याचं काम पूर्वी कर्नलच्या बाहेर चालायचं, ते २००९ पासून आत यायला लागलं. दुसरा भाग कर्नलच्या बाहेर, त्याचं नाव मेसा. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये तो हौसेने सुरू केला. खेळ, ब्राउझर वगैरे प्रोग्रॅम जी सर्वसाधारण चित्रभाषा बोलतात तिचं त्या-त्या चिपच्या बोलीत भाषांतर करणं हे मेसाचं काम. माझा घोटाळा पहिल्या भागात होता.

या ड्रायव्हरचा कोड उघडा असतो, कुणीही वाचावा. तो कसा लिहिला गेला याच्या कथा कादंबरीच्या तोडीच्या आहेत. एएमडीने २००७ मध्ये आपल्या चिपची कागदपत्रं द्यायला सुरुवात केली, इंटेलने स्वतःचेच लोक लावले. एनव्हिडियाच्या चिपसाठी मात्र अनेक वर्षं शब्दकोशच नव्हता. तेव्हा काही स्वयंसेवकांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर चालवून तो चिपच्या कुठल्या पत्त्यावर काय लिहितो याची नोंद ठेवायला सुरुवात केली. एक गोष्ट बदलायची, नोंद बघायची, फरकावरून अर्थ लावायचा. परक्या गावात शब्दकोशाशिवाय भाषा शिकावी तसं. त्यातून 'नूवो' हा ड्रायव्हर उभा राहिला आणि २०१० मध्ये मूळ लिनक्समध्ये गेला. (नूवो म्हणजे फ्रेंचमध्ये 'नवा'.) २०१२ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमधल्या एका विद्यापीठात भर सभेत कॅमेऱ्याकडे बघून या कंपनीला मधलं बोट दाखवलं, तो व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २०२२ मध्ये कंपनीने कर्नलच्या आतला आपला भाग खुला केला. असो.

मला पडलेला प्रश्न वेगळा होता. जो ड्रायव्हर वर्षानुवर्षं नीट चालतोय तो एका दुपारी मोडतो कसा? मी तर काही केलं नव्हतं, चिपनेही काही केलं नव्हतं.

उत्तर असं, की ड्रायव्हर जागेवरच असतो, पण त्याच्या भोवतीचं घर सतत बदलत असतं. लिनक्सची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. समजा कुणी सगळ्या ड्रायव्हरना सामायिक असलेली एक सोय सुधारली. ती वापरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये त्याला दोन-चार ओळी बदलाव्या लागतात. तो बिचारा त्या बदलतो, पण त्याच्या टेबलावर प्रत्येक चिप थोडीच असते! जी आहे तिच्यावर तपासतो, बाकीच्यांच्या बाबतीत कोड नजरेखालून घालतो आणि पुढे पाठवतो. मोठ्या कंपन्यांच्या आणि प्रकल्पांच्या प्रयोगशाळांत यंत्रांच्या रांगा लावलेल्या असतात, त्यांवर आपोआप चाचण्या होतात. त्यासाठी आयजीटी, पिगलिट असे चाचण्यांचे मोठे संच आहेत. पण लॅपटॉप ही भलतीच वैयक्तिक वस्तू. तीच चिप असली तरी पडदा वेगळ्या कारखान्याचा, मागच्या दिव्याची जोडणी वेगळी, फर्मवेअरमधली माहिती कधी कधी चक्क चुकीची. चौदा वर्षांपूर्वीचा प्रत्येक लॅपटॉप कुणाच्या प्रयोगशाळेत असणं शक्यच नाही. तो असतो बाग सेवनियात, माझ्या टेबलावर.

कर्नलच्या कोडमध्ये 'मेंटेनर्स' नावाची एक लांबलचक फाइल आहे. मी ती दोन रात्री वाचत बसले होते. प्रत्येक भागाची देखभाल कोण करतं त्यांची नावं तिच्यात असतातच, शिवाय त्या भागाची अवस्थाही लिहिलेली असते. 'सपोर्टेड' म्हणजे या कामाचा कुणाला तरी पगार मिळतो. 'मेंटेन्ड' म्हणजे पगार नसेल, पण कुणीतरी बघतं. 'ऑड फिक्सेस' म्हणजे माणूस आहे, वेळ नाही, अधूनमधून डागडुजी होईल. आणि एक शब्द आहे 'ऑर्फन'. अनाथ. कोडला कुणी हा शब्द लावेल असं मला वाटलं नव्हतं. अनाथ झालेला भाग काही वर्षं पडून राहतो, मग कुणीतरी विचारतं, "हे अजून कुणी वापरतं का?" उत्तर आलं नाही की तो काढून टाकतात. २०२३ मध्ये लिनक्स ६.३ मधून नव्वदच्या दशकातल्या काही ग्राफिक्स कार्डांचे जुने ड्रायव्हर असेच गेले. २०२२ मध्ये मेसानेही आपले सगळ्यात जुने ड्रायव्हर मुख्य कोडमधून काढून 'अँबर' नावाच्या वेगळ्या फांदीवर ठेवले. अँबर म्हणजे ज्यात प्राचीन कीटक जसेच्या तसे सापडतात तो राळेचा खडा. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

पण उलटंही घडतं. डीआरएमचे मेंटेनर डेव्ह एअरली यांनी २०२१ मध्ये इंटेलच्या जुन्या चिपसाठी 'क्रोकस' नावाचा नवा कोरा ड्रायव्हर मेसात आणला. ज्या चिप दुकानातून कधीच्या गेल्या होत्या, त्यांच्यासाठी! त्याचा फायदा घेणारे बहुतेक जण हे नावही ऐकणार नाहीत.

हे लिहिताना मला आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आठवतात. मूळचे नागपूरचे, भोपाळच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त. माझी कथा ऐकून म्हणाले, "आमच्या वेळी तर अक्षरासाठीच कार्ड घालावं लागे." मी आधी ते थट्टेवारी नेलं, पण ते खरंच होतं. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांसाठी जे संशोधन झालं ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथलं 'जिस्ट कार्ड' हे एक खरोखरचं सर्किट बोर्ड होतं, कंप्युटरच्या पोटात बसवायचं. इंग्रजीपुरतेच बनलेले डॉसवरचे प्रोग्रॅम त्यामुळे पडद्यावर देवनागरी दाखवायचे. कुठल्या अक्षराला कुठला आकडा याचं 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ चं. पुढे डॉस गेलं, ते कार्ड ज्यात बसायचं ते खाचेही कंप्युटरमधून गेले. काकांकडे त्या काळच्या चार फ्लॉप्या अजून एका बिस्किटांच्या डब्यात आहेत. कार्ड चांगलंच होतं, काका आजही त्याचं कौतुक करतात. त्याच्या भोवतीचं घर बदललं.

काकांचा इथे उल्लेख करायचं दुसरं कारण म्हणजे त्यांचा डेस्कटॉप. त्याच्याशिवाय पुढचं काम झालंच नसतं.

दहा हजार बदलांतला नेमका कुठला बदल माझ्या स्क्रीनला भोवला हे शोधायचं होतं. इथे पाठचिकित्सा येते. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, पण सतराव्या शतकातली एकही छापील प्रत आज हाती नाही. अभ्यासकांना हस्तलिखितं समोरासमोर ठेवून कुठला पाठ मूळचा आणि कुठे नकलकाराचा हात चुकला हे ठरवावं लागतं. तिथे अडचण अशी, की मधल्या बऱ्याच प्रती नष्ट झालेल्या असतात. कर्नलच्या बाबतीत सुख असं, की एकही प्रत हरवलेली नाही. टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये लिहिलेल्या 'गिट' या साधनात प्रत्येक बदल ओळीने नोंदलेला आहे: कुणी केला, कधी केला, कशासाठी केला.

मग 'गिट बायसेक्ट' ही आज्ञा वापरायची. तुम्ही तिला सांगता, ही आवृत्ती चांगली होती, ही वाईट आहे. ती बरोब्बर मधली अवस्था काढून देते. ती तयार करा, सुरू करा, स्क्रीन आली का सांगा. आली तर दोष नंतरच्या अर्ध्यात, नाही आली तर आधीच्या अर्ध्यात. पुन्हा मधली. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून जात नाही, मधेच उघडतो, तसंच. दरवेळी निम्मे बदल गळतात, म्हणून दहा हजारांसाठी चौदाच फेऱ्या पुरतात. मी शोध ग्राफिक्सच्या फोल्डरपुरता मर्यादित केला, तर सुमारे दोन हजार बदल उरले. म्हणजे अकरा फेऱ्या.

अकरा हा आकडा कागदावर गोड दिसतो. प्रत्येक फेरीला आख्खं कर्नल नव्याने तयार करावं लागतं. माझ्या लॅपटॉपवर पहिल्या फेरीला तीन तास लागले, बाहेर बेचाळीस डिग्री, कूलर लॅपटॉपकडे वळवलेला आणि मम्मी माझ्याकडे बघतेय. त्यात लाईट गेली. बॅटरी तर केव्हाच मेलेली. तेव्हा काकांनी स्वतःहून डेस्कटॉप देऊ केला. त्यावर तेच काम पंचवीस मिनिटांत. मी वर जायचे, कर्नल पेन ड्राइव्हवर घ्यायचे, खाली येऊन लॅपटॉपवर टाकायचे. जिन्यात काका रोज विचारायचे, "काय वं पोरी, उजेड पडला का नाई अजून?"

आणि मी चुकले. सातव्या फेरीला स्क्रीन काळीच राहिली, मी पाच सेकंद थांबले, पॉवरचं बटण दाबून बंद केलं आणि 'वाईट' असं नोंदवलं. खरं तर त्या अवस्थेत स्क्रीन यायला वीस सेकंद लागत होती. एका चुकीच्या उत्तराने पुढच्या सगळ्या फेऱ्या भलत्या अर्ध्यात गेल्या. शेवटी जो 'दोषी' बदल हाती आला तो माझ्या लॅपटॉपमध्ये नसलेल्याच चिपच्या ड्रायव्हरमधला होता. तो बदल पुन्हा पुन्हा वाचला आणि अक्षरशः रडू आलं. पण बायसेक्ट आपल्या उत्तरांची वही ठेवतो. वहीतली सातवी नोंद खोडली, तिथून पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी दरवेळी घड्याळ लावून एक मिनिट थांबले. दोन दिवसांनी खरा बदल सापडला. सहा ओळींचा. पडदा सुरू करण्याच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली होती, नव्या पडद्यांना ती चालत होती, माझ्याला नाही. खात्रीसाठी नव्या कर्नलमधून तेवढ्याच सहा ओळी उलट्या फिरवल्या. स्क्रीन आली. काकांना वर जाऊन सांगितलं तर त्यांनी काकूंना आंबे कापायला सांगितले.

बगचा रिपोर्ट लिहिताना साहित्याची विद्यार्थिनी असणं आड आलं. पहिला मसुदा दीड पानी, त्यात माझ्या लॅपटॉपचं चरित्र, पप्पांचा "गेला", सगळं. मग चांगले रिपोर्ट वाचले आणि सगळं कापलं. यंत्राचं मॉडेल, कुठलं कर्नल चालतं, कुठलं चालत नाही, काय दिसतं, दोषी बदल कुठला, आणि सोबत कर्नलचा संपूर्ण लॉग. लॉगमधल्या 'महत्त्वाच्या' ओळी आपण निवडून पाठवायच्या नाहीत. आपल्याला बिनमहत्त्वाची वाटते तीच ओळ वाचणाऱ्याला हवी असते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आभार, आणि सोबत एक पॅच, लावून बघाल का म्हणून. लावला, स्क्रीन आली. आनंदात "चाललं" असं कळवणार होते, तेवढ्यात सवयीने झाकण मिटलं. उघडलं तर काळोख. म्हणजे लॅपटॉप सुरू होताना पडदा लागत होता, झोपेतून उठताना नाही. टेस्टिंग म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळलं असं म्हणायला हरकत नाही. सुरू होतंय का एवढंच बघून भागत नाही. झाकण मिटून उघडायचं, बाहेरचा मॉनिटर लावून काढायचा, ब्राइटनेस कमी-जास्त करायचा, तासभर व्हिडिओ चालू ठेवायचा. ते सगळं करून कळवलं. तीन दिवसांनी पॅचची दुसरी आवृत्ती आली. ती सगळ्या परीक्षांत पास झाली.

कर्नलमधल्या प्रत्येक बदलाच्या तळाशी नावांच्या काही ओळी असतात. 'साइन्ड ऑफ बाय' म्हणजे हा कोड देण्याचा मला अधिकार आहे अशी लिहिणाऱ्याची हमी. 'रिव्ह्यूड बाय' म्हणजे वाचून तपासणारा. 'रिपोर्टेड बाय' म्हणजे दोष कळवणारा. 'टेस्टेड बाय' म्हणजे खऱ्या यंत्रावर चालवून बघणारा. त्या पॅचच्या तळाशी शेवटच्या दोन्ही ओळींत माझं नाव आहे. कोडची एकही ओळ मी लिहिलेली नाही.

आता आपल्या मंडळाच्या थेट कामाचं. स्क्रीन आली की तिच्यावर अक्षरं येतात, आणि तिथे वेगळे थर असतात. अक्षराचा आकार फॉन्ट ठरवतो, अक्षरं कशी जुळवायची हे हार्फबझ नावाचा प्रोग्रॅम ठरवतो. पण देखभालीची रीत तीच. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुले केले. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावावरून. त्यांचं बरंचसं काम पुढे कंपनीच्या पुण्याच्या कचेरीतून चाललं. मराठीची परीक्षा घ्यायची तर 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द शेजारी टाइप करा. पहिला समुद्र, दुसरा डोंगरातल्या. हिंदीला या दुसऱ्या र्‍याची गरज पडत नाही, त्यामुळे फक्त हिंदीवर तपासलेल्या फॉन्टमध्ये तो मोडला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक गेला तर लग्नाच्या पत्रिकेत काय होईल याची कल्पना करा! आपल्या अंकाच्या पीडीएफमध्ये गेल्या वर्षी 'सुऱ्या'चा 'सुर्या' झाला होता, तेव्हा मुद्रितशोधनाला नावं ठेवली गेली. चूक फॉन्टची होती. मी तपासून पाहिलं.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी लॅपटॉपवरचं काही पुसू नये. लिनक्स पेन ड्राइव्हवर टाकून तिथूनच चालवता येतं. स्क्रीन येते का, झाकण मिटून उघडल्यावर येते का, 'दऱ्या' नीट दिसतो का, एवढं बघा आणि यंत्राच्या मॉडेलसकट लिहून ठेवा. रिपोर्टच्या इंग्रजीची भीती वाटत असेल तर मी बसेन सोबत. छोटी वाक्यं लागतात, अलंकार लागत नाहीत.

नवी आवृत्ती येण्याआधी दर रविवारी तिची एकेक कच्ची प्रत निघते, सहसा सात. आपल्याकडे तोवर बहुतेक वेळा सोमवारची पहाट झालेली असते. पुढच्या रविवारी मिस्साहून आल्यावर मी ती काकांच्या डेस्कटॉपवर दूरूनच तयार करून घेते आणि इथे हॉस्टेलला लॅपटॉपवर लावून बघते. गेल्या रविवारी तिसरी लावली. स्क्रीन आली, झाकण मिटून उघडलं तरी आली. ब्राइटनेसचं बटण मात्र एकदा दाबलं की दोन पायऱ्या उडी मारतंय. रिपोर्ट लिहायला घेतलाय.